विषम पावलाचे कारण



श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधात जडभरताची कथा आहे. सिंधुसौवीर देशीचा राजा रहूगण पालखीतून जात असता एक भोई कमी पडला. सेवकांनी वाटेत दिसलेल्या एका अबोल तरुणास दांड्याखाली उभे केले. पालखी हेलकावे खाऊ लागली. राजाने उपहास केला, दंडाचा धाक घातला. पायांखाली जीवजंतू चिरडू नयेत म्हणून तो भूमी न्याहाळीत चालला होता, हे कोणी जाणलेच नाही. त्याची वाणी कानी पडताच राजा खाली उतरला व नम्र झाला.

आपल्या गावांतही असे तरुण आहेत. त्यांच्या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात. ते पूर्वजन्मीचे पाप नव्हे, की मातेच्या संगोपनातील उणीवही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील तो वेगळेपणा आहे. प्रत्येकात जडभरताचे ज्ञान दडले आहे असे नाही; परंतु विषम पावलाला कारण असते. कोणास गोंगाट असह्य होतो, कोणाचा नित्यक्रम मोडला की जीव कासावीस होतो, कोणास मोघम बोलणे उमगत नाही.

डिचोलीत केशव सेवा साधना ही संस्था विशेष मुलांची शाळा चालविते. शाळा आहे तोवर दिवसाला आकार असतो. ती संपली की मुलगा ओसरीवर बसून राहतो, आणि ‘आमच्या मागे याचे कसे?’ या विचाराने आईची झोप उडते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मनोविकार आदींसाठी मिळून आहे. कायदा दार उघडतो. हात धरून आत नेण्यास माणूस लागतो.

म्हणून शाळा सुटण्यापूर्वीच मुलास कामाच्या जागेची सवय लावावी. कामाचे लहान टप्पे पाडून चित्रांनी दाखवावे. ‘जरा आवर’ असे न म्हणता ‘ही दहा पाकिटे त्या खोक्यात ठेव’ असे सांगावे. अखंड व तुकडा काजूगर निवडणे, रोपांच्या पिशव्या भरणे, ग्रंथ क्रमाने लावणे, ज्यास जे साधेल ते द्यावे. सहकाऱ्याने आरंभी जवळ राहावे, मग हळूहळू दूर व्हावे. वेतन कामाचे द्यावे, दयेचे नव्हे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी स्वकर्मालाच पूजा मानले आहे. ज्याला कर्मच नाकारले, त्याची पूजा आपण हिरावली. पेडण्याच्या श्रीभगवतीपुढे, डिचोलीच्या श्रीशांतादुर्गेपुढे हात जोडणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने, बागायतदाराने एका तरी तरुणास जागा द्यावी. आणि पालखी हेलकावली, तर रागावण्यापूर्वी खाली उतरून त्याचे पाऊल पाहावे. जगदंबा ती दृष्टी आपणां सर्वांस देवो.