अन्नाचें अन्न

आहाराच्या शुद्धाशुद्धतेचा विचार आपल्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. कोणाच्या हातचें खावें, कोणत्या तिथीस काय वर्ज्य करावें, मांसाशन योग्य कीं अयोग्य, या प्रश्नांवर आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ बुद्धि खर्च केली. परंतु जें आपण खातों त्यानें स्वतः काय खाल्लें होतें, हा साधा प्रश्न घरोघरीं बहुधा उंबऱ्याबाहेरच राहिला. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

वैद्यांना मात्र हा प्रश्न अपरिचित नव्हता. मांसाचे गुणदोष कशावरून पारखावे हें सांगतांना चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पहिलीच कसोटी ‘चर’ ही दिली आहे. म्हणजे प्राणी कोठें वावरतो व काय खातो. वर्ज्य मांसांत विषानें मेलेल्या प्राण्याच्या पंक्तीस ‘अगोचरभृत’, म्हणजे आपल्या स्वाभाविक चरण्याच्या भूमीबाहेर पोसलेला प्राणीही बसविला आहे. शेळीमेंढी मात्र त्या ग्रंथांत कोणत्याच एका वर्गांत बसली नाहीं. कारण तिचें चरणें मिश्र.

तें मिश्र चरणें पाहावयाचें असेल तर राजगडाच्या पायथ्याशीं असलेल्या गुंजवणे गांवच्या उतारांसारख्या जागीं जावें. शेळी एका जागीं मान घालून चरत नाहीं. करवंदीचा एक शेंडा, पुढें एखाद्या झुडपाचा कोवळा पाला, मग एखादी शेंग, असें चाखत ती डोंगर चढते. घाणेरीच्या पाल्यास जनावरें सहसा तोंड लावीत नाहींत. तो पोटांत गेला तर यकृत बिघडतें. पण दुसरें कांहींच उरलें नाहीं, म्हणजे भुकेलें जनावर तोही खातें. या लहानशा गोष्टींत सर्व प्रश्नाचें मर्म आहे. निवडीची मोकळीक असते तोंवर जनावर पुष्कळ अंशीं आपली काळजी आपण घेतें. मनुष्य जेव्हां त्यास गोठ्यांत बांधून पुढें पाटी ठेवतो, तेव्हां ती निवड तो स्वतःकडे घेतो. आणि निवडीबरोबर तिची जबाबदारीही.

ही जबाबदारी झटकली म्हणजे काय होतें, तें इंग्लंडांत दिसून आलें. तेथें गाईंच्या खाद्यांत स्वस्त पोषण म्हणून कत्तलखान्यांतील मांस व हाडें यांची भुकटी मिसळीत. तृणभक्षक प्राण्यास असें मांस चारलें गेलें. १९८६ सालीं गाईंच्या मेंदूचा नाश करणारा एक नवा रोग तेथें ओळखला गेला. १९८८ सालीं गुराढोरांस तें खाद्य घालण्यावर बंदी आली. आणि १९९६ च्या मार्चमध्यें सरकारला कबूल करावें लागलें कीं, मनुष्यांतील तशाच एका प्राणघातक रोगाचा संबंध या रोगट गुरांशीं असावा. त्या देशांत पावणेदोनशेंच्या सुमारास माणसें त्या रोगानें दगावलीं. नेहमीच्या शिजविण्यानें त्याचें बीज नष्ट होत नाहीं, हें विशेष.

शाकाहारी वाचकानें मात्र येथें समाधानानें पान उलटूं नये. ओलसर जागीं सांठविलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीस, सरकीस वा मक्यास बुरशी येते, व तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें. १९६० सालीं इंग्लंडांत अशा पेंडीनें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हां त्याचा शोध लागला. तीच पेंड गाईनें खाल्ली तर विषाचा अंश दुधांत उतरतो, आणि दूध उकळल्यानें तो जात नाहीं. २०१८ सालीं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें देशभरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकीं ३६८ नमुन्यांत तो मर्यादेहून अधिक निघाला. अग्नीनें सर्व शुद्ध होतें, ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी श्रद्धा. पण गोठ्यांतली चूक चुलीवर दुरुस्त होत नाहीं.

तर मग रानांत चरलेलें तेवढें पवित्र आणि गोठ्यांतलें तेवढें अपवित्र काय? असा सोपा निकाल देतां येत नाहीं. हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावराची चरबी धान्यावर पोसलेल्याहून थोडी अधिक हितकर असते, हें खरें. पण रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटांतील जंतू चाऱ्यांतील स्निग्धांश बराच पालटून टाकतात, म्हणून तो फरक माफकच राहतो. अंड्याचा गर्द बलक पाहून आपण कोंबडी मोकळी फिरलेली समजतों. पण खाद्यांत झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला तर पिंजऱ्यांतल्या कोंबडीच्या अंड्याचा बलकही तसाच रंगतो. बांधलेल्या जनावरास कोरडी, स्वच्छ वैरण घालणारा शेतकरी आपलें कर्तव्य करतोच. आणि टंचाईंत जनावर वाऱ्यावर सोडणारा तें चुकवितो.

मग दोष कोणाचा? पेंड घालणाऱ्याचा, असें आपण चटकन् म्हणतों. पण बुरसटलेली पेंड फेकून देणें म्हणजे पैसे फेकून देणें. ते दुधाच्या वा मटणाच्या दरांत भरून निघाले नाहींत, तर त्यानें ती कशाच्या बळावर फेकावी? दर कमींत कमी हवा, आणि माल मात्र निर्दोष हवा, असें म्हणणारें गिऱ्हाईक त्या चुकीचें वांटेकरी आहे. जनावराची निवड मालकाकडे आली, आणि मालकाची निवड पुष्कळ अंशीं आपल्या पैशाकडे. अन्न कोणीं शिवलें, हें आपण फार दिवस विचारलें. तें कशावर पोसलें, आणि पोसणाऱ्यास त्याचें मोल मिळालें कीं नाहीं, हें विचारणें अधिक धर्म्य होय. उत्तर प्रत्येक वेळीं मिळेलच असें नाहीं. पण विचारणारीं आणि मोल देणारीं गिऱ्हाइकें वाढलीं, तर उत्तर देऊं शकणारे गवळी व खाटीकही वाढतील.