राखीव कुरणाची कड



जुगार खेळणाऱ्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज विचार करावयाचा आहे तो जुगार खेळवणाऱ्या नोकराचा. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र पणजीजवळ मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत. नंदुरबार-शहाद्याकडच्या एखाद्या तरुणाला तेथे नोकरी चालून आली, तर तो म्हणेल, "मी स्वतः थोडाच खेळणार आहे?"

रूलेटच्या युरोपीय चक्रावर ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर एकेक रुपया लावला, तर ३७ रुपये जातात आणि ३६ परत येतात. हे गणित तेथील नोकराला तोंडपाठ असते. मग तोच मोहापासून सर्वांत दूर असावयास हवा. परंतु अमेरिकेतील कॅसिनो-कर्मचाऱ्यांविषयी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुगाराच्या गंभीर व्यसनाचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढांपेक्षा अधिक आढळले. हरणारे मुकाट्याने उठून जातात. नजरेत भरतो तो एका डावात महिन्याचा पगार उचलणारा.

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मेंढपाळाचे उदाहरण दिले आहे. राखीव कुरणाच्या कडेने जो गुरे चारतो, त्याची गुरे केव्हा आत शिरतील याचा नेम नाही. आपल्या मिरची पथारीवर राबणारा मिरची खात नसला, तरी ठसका त्यालाही लागतोच!

येथे एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. ते उदाहरण संशयास्पद गोष्टींविषयी आहे. जुगाराचा डाव मांडून देणे ही कुरणाची कड नव्हे. ते कुरणाच्या आतच उभे राहणे होय. सूरह माइदाच्या आयत ९० व ९१ मध्ये जुगाराला सैतानी घाण ठरविले आहे. तो वैर पेरतो, नमाजपासून रोखतो. त्याच सूरहच्या दुसऱ्या आयतीत पापकर्मात साहाय्य करण्यास मनाई आहे. म्हणून "मी खेळत नाही" एवढे उत्तर पुरेसे नाही. तो पगार कुणाच्या तरी घरची चूल विझवून आलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात कॅसिनो नाही म्हणून निश्चिंत राहू नये. मटक्याचे आकडे लिहून घेणारा आणि मोबाइलवर सट्ट्याचे आयडी वाटणारा याच कुरणात उभा आहे.

मात्र अशा कामात अडकलेल्या बांधवाला हिणवू नका. त्याच्या पोटाची चिंता खरी आहे. पाहुण्यांची सरबराई, हिशेब, स्वयंपाक शिकलेल्या त्या हातांना हलाल काम मिळवून देणे ही जमातची जबाबदारी आहे. आई-वडिलांनीही मुलाचा पगार किती हे विचारण्याआधी तो कोठून येतो हे विचारावे. जो अल्लाहचे भय बाळगतो, त्याच्यासाठी अल्लाह मार्ग काढतो आणि कल्पनाही नसेल तेथून रोजी देतो, असे अभिवचन सूरह तलाकमध्ये आहे.

अल्लाह तआला आपणा सर्वांना हलाल रोजी आणि तिच्यावर समाधान मानणारे अंतःकरण प्रदान करो. आमीन.