वह्या परत घ्या

वह्या तपासल्या. घ्या परत. एकालाही गुण दिलेले नाहीत. का दिले नाहीत, ते आज मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार आहे. दारात उभ्या असलेल्या पालकांनीही थांबावं, तुमच्याशीही बोलायचंय.

गेल्या रविवारी आपण लॉस गॅटोस क्रीकच्या काठाने चाललो. कॅम्पबेल पार्कपासून पाझर तलावांपर्यंत आणि परत. निबंधाचा विषय होता ‘हिवाळ्यात ओढ्याकाठी’. आणि वहीत काय आलं? ‘सर्वत्र बर्फाची पांढरी दुलई पसरली होती.’ कुठे पसरली होती? सॅन होजेत उभा जन्म काढलेल्या माणसालाही इथे बर्फ साचलेला क्वचितच आठवेल. ‘निसर्ग गाढ झोपी गेला होता.’ ‘गावोगावी शेकोट्या पेटल्या होत्या.’ उरलेल्यांनी एका ओळीत उरकलं: ‘तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.’ निम्म्यांनी न पाहिलेलं लिहिलं आणि निम्म्यांनी पाहिलंच नाही. दोघांनीही पाट्याच टाकल्या.

निसर्ग झोपला होता म्हणे! तुमच्या आजोळी पाऊस जूनमध्ये येतो. इथे उन्हाळा ठणठणीत कोरडा, आणि वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत पडतो. सगळा मिळून सरासरी पंधराएक इंच. म्हणजे तुमचा हिवाळा हाच तुमचा पावसाळा. ज्या टेकड्या ऑगस्टमध्ये वाळलेल्या गवताने पिवळ्या असतात, त्याच आत्ता हिरव्यागार आहेत. इथे जन्मलात, इथे वाढलात, आणि आपल्या गावात पाऊस कधी पडतो एवढंही तुमच्या वहीत नाही. हे मराठी कच्चं असल्यामुळे झालेलं नाही. व्याकरणाच्या चुका मी सोडून दिल्या असत्या.

‘झाडे वठली होती.’ कोणती? काठावरचे बरेच ओक बारमाही हिरवे असतात. ज्यांची पानं गळली होती ते सिकॅमोर, आणि ते वठलेले नाहीत. पांढऱ्या-करड्या ठिपक्यांची त्यांची साल याच दिवसांत पुरती दिसते, फांद्यांना फळांचे गोळे लोंबत असतात. आणि बकआय नावाचं एक झाड आहे, ते उन्हाळ्यातच पानं टाकून मोकळं होतं आणि हिवाळा सरायच्या आत पालवी काढतं. त्याच्या कळ्यांपाशी मी थांबले होते, बोट दाखवलं होतं. माझ्याजवळ तिघेच होते. बाकीचे पुढे पळाले होते, कुणाची पावलं जास्त झाली ते घड्याळात बघायला.

टोयॉनच्या झुडपाला लालभडक फळांचे घोस लागले होते. थंडीत पाखरांची पोटं त्यावर भरतात. ते घोस दोघींनी ओरबाडले आणि वाटेवर टाकले. कोणी ते मी नावानिशी सांगत नाही, त्यांना ठाऊक आहे.

तलावावर ‘काळी बदकं’ होती असं एकाने लिहिलंय. ती बदकं नव्हेत. काळं अंग, पांढरी चोच. आपल्याकडे ज्याला वारकरी म्हणतात, त्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. पंख पसरून खांबावर बसला होता तो पाणकावळा. आणि कुंपणावरून जो इवलासा पक्षी सरळ आभाळात चढला आणि दगडासारखा खाली आला, तो ॲनाज हमिंगबर्डचा नर. मादीला दाखवायला तो असा सूर मारतो, आणि तळाशी आल्यावर जो तीव्र आवाज होतो तो गळ्यातून येत नाही, शेपटीच्या पिसांतून हवा कापली जाते म्हणून येतो. डिसेंबर-जानेवारीतच त्यांची घरटी सुरू होतात. एका वहीत त्याला ‘शिंजीर’ म्हटलंय. शिंजीर अमेरिकेत नसतो. तरीही त्या मुलीने मान वर केली होती, काहीतरी पाहिलं होतं. गुण द्यायचे असते तर तिलाच दिले असते. बाकीच्यांच्या कानांत इअरफोन होते.

पाझर तलावांबद्दल तर एकानेही धड लिहिलं नाही. ‘एक तळे होते’, संपलं. अरे, ते तळं खोदलंय कशासाठी, असा प्रश्न एकाला पडू नये? या खोऱ्यात पूर्वी जर्दाळू आणि प्रून्सच्या बागा होत्या. बागांसाठी आणि पुढे वाढत्या शहरासाठी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या आसपासपर्यंत सॅन होजेच्या मध्यभागातली जमीन सुमारे १३ फूट खचली. वर पाहा. या वर्गाचं छतसुद्धा एवढं उंच नाही. १९२९ मध्ये पाण्यासाठी इथे सरकारी संस्था उभी राहिली, १९३५ मध्ये व्हसोनाचा बांध झाला, १९५२ मध्ये वर डोंगरात लेक्सिंग्टनचं धरण झालं. त्या धरणाच्या जागी लेक्सिंग्टन आणि अल्मा अशी दोन गावं होती, ती गेली. एवढं करून अडवलेलं पावसाचं पाणी या ओढ्यातून हळूहळू खाली सोडतात, तलावांत साठवतात आणि वाळू-गोट्यांतून जमिनीत मुरू देतात. पुढे बाहेरून पाणी आणलं, उपसा आवरला, तेव्हा कुठे खचणं थांबलं. ज्या पाण्यात तुम्ही पावाचे तुकडे भिरकावलेत ते हे पाणी. पावाने पक्ष्यांचं पोट बिघडतं आणि पाणी नासतं. चॉकलेटचे कागद रस्त्याकडेच्या गटाराच्या तोंडाशी टाकलेत, तेही मी पाहिलंय. पावसाचं ते गटार कुठल्याही शुद्धीकरणातून जात नाही. ते थेट ओढ्यात उतरतं, ओढा ग्वाडालूपे नदीत आणि नदी खाडीत.

वाटेवर चौघे-चौघे हातात हात घालून चाललात. मागून सायकलवाला ‘ऑन युअर लेफ्ट’ असं ओरडला तर त्याच्याकडेच डोळे वटारले. वाट सगळ्यांची आहे. उजवी बाजू धरायची, दोघांपेक्षा जास्त आडवं व्हायचं नाही.

आता पालकांना. दोघांनी मला निरोप पाठवला: इतकी सोपी, सपाट, डांबरी वाट कशाला निवडली, मुलांना खराखुरा ट्रेक द्यायचा होता. आणि एक चिरंजीव मोठ्याने म्हणाले, ‘ही तर म्हाताऱ्यांची वाट आहे.’ हो, आहे. म्हणूनच निवडली. तुमच्या घरी साताऱ्याहून, सांगलीहून आई-वडील येतात आणि सहा महिने राहतात. गाडी चालवता येत नाही, थंडी वाजते, रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून ती माणसं भर जानेवारीत खिडकीपाशी बसून असतात. सुट्टी आली की तुम्ही योसेमिटी गाठता आणि गुडघे दुखणाऱ्या आईला घरी ठेवता. घरापासून दहा मिनिटांवर चढ नसलेली, खडी नसलेली, व्हीलचेअर जाईल अशी वाट आहे. जिने आयुष्यभर ओढ्यावर धुणं धुतलं, पुराचं पाणी कधी चढेल हे ज्या बाईला आभाळ बघून कळत होतं, तिला तुमच्या गावातला ओढा तुम्ही एकदाही दाखवला नाहीत. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

वाट सोपी आहे म्हणजे पायांकडे बघावं लागत नाही, डोळे रिकामे राहतात. ते रिकामे डोळे तुम्ही फोनला दिलेत.

तर हा निबंध पुन्हा लिहायचा आहे. येत्या रविवारी सकाळी आठला कॅम्पबेल पार्कच्या पुलापाशी. इअरफोन घरी. ओल्या पानांवरून पाय घसरतो, तेव्हा पकड असलेले बूट घाला. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांना आणायचं, शाल-स्वेटरसकट, आणि त्यांच्याच चालीने चालायचं. दहा ओळी पुरेत, पण दहाही तिथे उभं राहून, पेन्सिलने. नाव माहीत नसेल तर रंग, आकार, आवाज लिहा, नाव मी सांगेन. पाऊस असला तरी जायचं. पुलाखालची वाट पाण्याखाली गेली असेल तर तिथूनच परत फिरू, पण पाणी कुठवर चढलंय ते आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं.