वाणी, पीठ आणि स्वामित्व

स्वामित्वहक्काच्या आधुनिक कल्पनेमागे एक गृहीतक आहे. साहित्यकृती व्यक्तीच्या मनातून निपजते, म्हणून ती त्या व्यक्तीची असते. कायदा हे गृहीतक सिद्ध करीत नाही. ते मानून चालतो. परंतु बोलणाराच ‘ही शिकवण माझी नव्हे, ती माझ्याकडे सोपवलेली आहे’ अशा भूमिकेतून बोलत असेल, तर त्याच्या शब्दांचा मालक कोणाला म्हणायचे? व्हॅटिकनच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

लॅटरन करारान्वये १९२९ साली अस्तित्वात आलेल्या या राज्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरही भरत नाही. तरीही पोपचे धर्मपीठ १९३५ पासून साहित्यकृतींच्या संरक्षणाविषयीच्या बर्न करारात सहभागी आहे. राज्याचा १९६० चा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९ मार्च २०११ चा कायदा हे दोन्ही इटलीच्या कायद्यावर आधारलेले आहेत. या दोहोंच्या दरम्यान, ३१ मे २००५ रोजी, एक महत्त्वाचा आदेश निघाला. पोप ज्या लेखनातून व भाषणांतून आपला शिकवणीचा अधिकार बजावतात, त्या सर्वांच्या स्वामित्वहक्काचे रक्षण ‘लिब्रेरिया एदित्रिचे वातिकाना’ या धर्मपीठाच्या प्रकाशनसंस्थेकडे सोपवण्यात आले.

या आदेशाचा अर्थ लोकांच्या ध्यानात आला तो जानेवारी २००६ मध्ये. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या भाषणातील सुमारे तीस ओळी छापल्याबद्दल मिलानमधील एका प्रकाशकाकडे पंधरा हजार युरोंची मागणी करण्यात आल्याचे वृत्त इटलीत प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात बेनेडिक्ट यांचे पहिले परिपत्र प्रकाशित झाले. त्याचा विषय होता प्रेम. या योगायोगातील विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. मात्र विसंगती दाखवली म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. चोरट्या आवृत्त्यांना आळा घालणे हा या नियमांमागील हेतू होता, आणि तो हेतू क्षुल्लक नाही. कोट्यवधी श्रद्धावंत ज्या वचनाला प्रमाण मानतात, त्यातील एक ‘नाही’ गळला तरी अनर्थ होतो.

येथेच दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. संहिता शुद्ध राखणे हे कर्तव्य आहे. संहितेची किंमत घेणे हा हक्क आहे. पहिल्यासाठी चर्चकडे स्वामित्वहक्काहून कितीतरी जुने साधन होते, ते म्हणजे मुद्रणानुज्ञा. मराठी वाचकाला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते धर्मसत्तेच्या अनुज्ञेनेच. त्या अनुज्ञेचा जाच होता आणि तिच्या आड दमनही होत असे. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु तिने विचारलेला प्रश्न ‘हे खरे आहे काय?’ असा होता. स्वामित्वहक्क विचारतो, ‘हे कोणाचे आहे?’ सत्याचा पहारेकरी आणि मालमत्तेचा धनी या दोन भूमिका एकाच हाती आल्या, की दुसरी पहिलीच्या नावाने बोलू लागते.

लेखकत्वाचा पेच याहून खोल आहे. लेखक ही व्यक्ती नसून संहितांच्या व्यवहारातील एक कार्य आहे, असे मिशेल फूको यांनी १९६९ साली मांडले. पोपपदाइतके या मांडणीचे ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. २००७ साली बेनेडिक्ट यांनी येशूच्या जीवनावरील आपला ग्रंथ जोसेफ रात्सिंगर आणि बेनेडिक्ट अशा दोन्ही नावांनी प्रसिद्ध केला. हे पीठाचे अधिकृत वचन नसून आपला वैयक्तिक शोध आहे, तेव्हा कोणीही आपल्याला विरोध करण्यास मोकळा आहे, असे त्यांनी प्रास्ताविकात स्पष्ट केले. म्हणजे एकाच देहातील दोन लेखक त्यांनी स्वतःच वेगळे केले. त्यांतील रात्सिंगर हा कायद्याला ओळखीचा लेखक आहे. त्याचे श्रम आहेत, त्याचे मत आहे, त्याच्या मृत्यूपासून मुदतही मोजता येते. पीठावरून बोलणारा मात्र परंपरेच्या वतीने बोलतो. व्यक्ती निवर्तते, पद उरते. इटलीच्या कायद्यातील मृत्यूनंतरची सत्तर वर्षे अशा लेखकाला लावताना मृत्यू नेमका कोणाचा धरायचा? शिवाय याच कायद्याचे पाचवे कलम शासनाच्या अधिकृत कृतींच्या संहितांना संरक्षण नाकारते, कारण ज्यांनी आज्ञा पाळायची त्यांना ती मुक्तपणे उपलब्ध असली पाहिजे. धर्माज्ञेच्या बाबतीत हा तर्क दुबळा ठरत नाही. उलट अधिकच बळावतो.

बड्या प्रकाशकांनी या शब्दांवर नफा मिळवावा आणि ज्या संस्थेतून ते आले तिने रिकाम्या हाताने बसावे, हा न्याय कसा, असा प्रतिप्रश्न संभवतो. तो रास्त आहे. परंतु त्यातून निघतो तो नफ्यातील वाटा. प्रत्येक उद्धरणावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. विपर्यासाला हरकत घेण्याचा हक्क पीठाकडे असावा. तो विश्वस्ताचा हक्क आहे. विश्वस्ताला ठेव जपता येते, ती आपली म्हणता येत नाही. जे वचन सर्वांवर बंधनकारक असल्याचा दावा करते, त्याला सर्वांचे असण्याचे दायित्वही पत्करावे लागते. ही कसोटी व्हॅटिकनपुरती मर्यादित नाही. लोकांच्या वतीने बोलणारी प्रत्येक सत्ता, मग ती धर्माची असो वा राज्याची, आपल्या शब्दांवर मालकी सांगू लागते तेव्हा तिलाही ती लागू होते.