सहभाग तर आहेच

व्यसनमुक्तीच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं: मुलांना वाचवायचं तर समाजाचा सहभाग हवा. ऐकणारे माना डोलावतात. माझं म्हणणं एवढंच, की सहभाग आहेच. चांगला जुना, मुरलेला आहे. तो फक्त पलीकडच्या बाजूला लागलाय.

विदर्भातल्या एखाद्या पानठेल्यापाशी संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहावं. नऊ-दहा वर्षांचं पोरगं येतं, मुठीत चुरगळलेली नोट. ठेलेवाला काही विचारत नाही. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घेतो आणि घोटायला लागतो. खर्रा कुणाला हवाय, चुना किती लागतो, हे त्याला पाठ, पोरालाही पाठ. पुडीला गाठ बसते, सुट्टे नसले तर हातावर चॉकलेट. घरी काका ओट्यावर वाट बघत असतात. पुडी हातात पडली की म्हणतात, "शाब्बास रे!"

या सगळ्यात दुष्ट माणूस शोधायला जावं, तर सापडत नाही. काका प्रेमळ, ठेलेवाला ओळखीचा, आई आत स्वयंपाकात. पण भाव, माप आणि तो वास पोराच्या अंगवळणी पडला. पुढे तेराव्या वर्षी वाटेतच गाठ सोडून त्यानं चिमूटभर गालात धरली, की आपण म्हणणार, वाईट संगत लागली. संगत ओट्यावरच बसली होती की!

दारूचंही तेच. हळदीच्या रात्री मंडपामागे कुणीतरी मोठा भाऊ पंधरा वर्षांच्या पोराला म्हणतो, "घे एवढीशी, काही होत नाही." बापाला दिसतं. बाप मंडपाकडे तोंड फिरवतो. ते तोंड फिरवणं हाही सहभागच.

कायद्याचं म्हणाल तर तो मऊ नाही. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही, हे २००३ पासून लिहिलेलं आहे. मुलाच्या हाती दारू किंवा तंबाखू दिली, तर बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण तक्रार द्यायची कुणाविरुद्ध? काकांविरुद्ध? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाची हातभट्टी म्हणून काही सरकारी कागद वाचत नाही. म्हणून तर तिथं २०१६ पासून 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती अभियानाच्या कार्यकर्त्यांना गावोगाव बसून लोकांशी बोलावं लागलं.

जिथं परवान्याचं दुकान असतं, तिथं बायकांना मतदान मागता येतं: उभी बाटली की आडवी. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या. म्हणजे जी रोवणीला गेली, जी माहेरी गेली, जी 'मला नको ती भानगड' म्हणून घरात बसली, ती सगळी उभ्या बाटलीच्या बाजूला. कार्यकर्त्या या नियमावर चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. मला मात्र त्यात नकळत लिहिलं गेलेलं एक खरं दिसतं: घरी बसणारा मोजला जातो.

ओट्यावरचे काकाही त्यातच आले. उद्या पोराला न पाठवता ते स्वतः चपला घालून ठेल्यापर्यंत गेले, तर त्यांचा खर्रा सुटेल असं नाही. पोरगं तेवढा वेळ गल्लीत गोट्या खेळेल.