पाहणाऱ्याचे डोळे

माणसानें आपल्या मूळ स्वभावाप्रमाणें वागावें, दुसऱ्यावर छाप पाडण्याचा खटाटोप करूं नये, हा उपदेश इतक्या जणांनीं इतक्या वेळां केला आहे कीं, त्यांत विचार करण्यासारखें आतां कांहीं उरलें असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. ऐकणारा मान डोलवितो. आणि घरीं गेल्यावर, संध्याकाळीं पाहुणे यावयाचे म्हणून, दिवाणखान्यांतील कपाटांत जाडजूड ग्रंथ दर्शनीं लावून ठेवतो. आम्हांस या विसंगतीचें हंसूं येत नाहीं. जो उपदेश सर्वांस मान्य असून कोणाच्याच हातून पाळला जात नाहीं, त्यांत एकतर मनुष्यस्वभावाचा दोष असला पाहिजे, नाहीं तर उपदेशाचा. प्रस्तुत बाबतींत तो बराचसा उपदेशाचा आहे, असें आमचें मत आहे.

आपल्या भाषेनें या खटाटोपाचें निरीक्षण मोठ्या बारकाईनें केलें आहे. ऐट, डौल, तोरा, भपका, बडेजाव, मिरविणें, आव आणणें हे सारे शब्द एका घराण्यांतले, पण एकाचें काम दुसऱ्यास सांगतां येत नाहीं. भपका वस्तूंचा असतो. आव आणावयाचा तो बहुधा ज्ञानाचा किंवा दुःखाचा. 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण तर सर्वश्रुतच आहे. परंतु या सर्वांत 'सोंग' हा शब्द आम्हांस विशेष विचारणीय वाटतो, कारण त्याच्याशीं बहुरूप्याची आठवण जडलेली आहे. बहुरूपी शिपायाचें सोंग घेऊन दारीं येतो, घटकाभर दरडावतो, पोरांस भिवडावतो, आणि शेवटीं हंसून हात पुढें करतो. त्याचें सोंग हें सोंग म्हणूनच येतें आणि बिदागी घेऊन सोंग म्हणूनच जातें. सुशिक्षितांच्या सोंगांत नेमका हा प्रामाणिकपणा नसतो. आम्हांसहि बिदागी हवीच असते. मात्र ती न मागतां मिळावी अशी इच्छा असते. आणि मिळाली तरी ती आपल्यास मिळाली कीं आपल्या सोंगास, ही शंका मनांतून जात नाहीं.

या शंकेचें मर्म ॲडम स्मिथ याच्याइतकें स्वच्छ क्वचितच कोणी सांगितलें असेल. अर्थशास्त्राचा जनक म्हणूनच बहुतेक लोक त्याला ओळखतात. परंतु १७५९ सालीं, म्हणजे त्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या सतरा वर्षें आधीं, त्यानें नैतिक भावनांवर एक ग्रंथ लिहिला होता. स्तुति व्हावी ही इच्छा आणि स्तुतीस पात्र व्हावें ही इच्छा, या दोहोंत त्यानें त्यांत भेद केला आहे. ज्या स्त्रीनें तोंडास रंग लावला आहे तिच्या कांतीची कोणी प्रशंसा केली, तर तिला तींत काय समाधान, असें तो विचारतो. दृष्टांत जुना असला तरी त्याची लांबी पुष्कळ आहे. कांतीच्या जागीं विद्वत्ता घाला, श्रीमंती घाला, सदैव प्रसन्न वृत्ति घाला. उत्तर बदलत नाहीं. आणि प्रशंसा गेली तरी एकवेळ चालेल, परंतु जेथें प्रीतीचा संबंध येतो तेथें हें नुकसान भरून निघण्यासारखें नसतें. ज्याच्यावर लोभ करावयाचा तो माणूस मुखवट्याआड उभा आणि लोभ मुखवट्याच्या पदरांत, अशा स्थितींत वर्षानुवर्षें संसार केलेलीं माणसें कांहीं थोडीं नाहींत. त्यांस कोणी छळलेलें नसतें. तीं एकटीं असतात, एवढेंच.

येथवर उपदेशकाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मतभेद आहे तो त्याच्या उपायाविषयीं. 'असाल तसे वागा' असें तो सांगतो. आणि हें वचन प्रथम हातीं लागतें तें उर्मट माणसाच्या. 'आमचा स्वभावच असा, आम्ही स्पष्ट बोलणारे,' असें म्हणून तो चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करतो आणि त्यास सहजता हें नांव देतो. वस्तुतः पाहुण्यास आधीं पाणी विचारावें, आजाऱ्यासमोर आपल्या घरचीं रडगाणीं गाऊं नयेत, या गोष्टी कोणी जन्मतः शिकून येत नाहीं. त्या शिकलेल्या असतात म्हणून त्या खोट्या ठरत नाहींत, कारण त्यांत दुसऱ्याच्या सुखाकडे लक्ष असतें. पांच पक्वान्नांचें पान वाढून 'गरिबाघरचे दोन घांस गोड करून घ्या' म्हणणारा यजमान निराळा. त्याचें लक्ष पाहुण्याच्या पानाकडे नसून पाहुण्याच्या तोंडाकडे असतें. साधेपणाचें हें सोंग सर्वांत चिवट, कारण त्यास भपक्याचा आरोप लागू होत नाहीं. रूसोनें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःचे दोष जगापुढें उघडे केले, तेव्हांहि आपल्यासारखें धैर्य कोणीं दाखविलें नाहीं ही जाणीव त्यास एक क्षणभर सोडीत नव्हती.

तेव्हां 'आजपासून मी सहज वागणार' असा संकल्प करून सहजता येत नाहीं. मग ती येते कशी? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस गांधीजींच्या आत्मकथेंतील एका लहानशा प्रकरणांत सांपडतें. १८८८ सालीं ते बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनास गेले. आपण तेथील सभ्य गृहस्थांत शोभावें म्हणून त्यांनीं मुंबईचे कपडे टाकून नवे शिवविले. एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोषाख केला. भावाकडून सोन्याची दुपदरी घड्याळाची सांखळी मागविली. टाय बांधण्यांत आणि भांग पाडण्यांत आरशापुढें रोज दहा दहा मिनिटें घालविलीं. तीन पौंड भरून नृत्याचे धडे घेतले, पण पियानोच्या तालावर पाऊल पडेना. तेव्हां कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंडांचें व्हायोलिन आलें, आणि वक्तृत्वाचा शिक्षक आला. हा सारा प्रकार सुमारें तीन महिने चालला.

तो थांबला कसा, हें पाहण्यासारखें आहे. 'मी आतां माझ्या मूळ स्वभावाप्रमाणें राहीन' असें त्यांनीं ठरविलें नाहीं. आपणांस कांहीं इंग्लंडांत जन्म काढावयाचा नाहीं, आपण येथें विद्यार्थी म्हणून आलों आहों, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. शिक्षकांस त्यांनीं तसें कळविलें. व्हायोलिन येईल त्या किंमतीस विकून टाकण्याची विनंती त्या शिक्षिकेसच केली, आणि तिनें त्यांच्या निश्चयास उत्तेजनच दिलें. पोषाखाचा टापटीपपणा मात्र पुढें कित्येक वर्षें राहिला, असें त्यांनींच लिहिलें आहे. म्हणजे वेष बदलला नाहीं, डोळे तेवढे फिरले. ते पाहणाऱ्याकडून निघून कामाकडे गेले.

हेंच गृहस्थ सप्टेंबर १९२१ मध्यें मदुरेस पंचा नेसून लोकांपुढें आले. परदेशी कापड टाकण्यास सांगावयाचें आणि ज्याला पुरेशी खादी परवडत नाहीं त्यानें काय करावें, हा प्रश्न समोर होता; त्याचें उत्तर त्यांनीं आपल्या अंगावर दिलें, आणि तेंहि प्रथम ऑक्टोबर अखेरपर्यंतच्याच मुदतीनें. हाहि वेष लोकांनीं पाहावा म्हणूनच होता ना, असा आक्षेप घेतां येईल, कित्येकांनीं घेतलाहि. आम्हांस तो टिकणारा वाटत नाहीं. लंडनची हॅट 'मला पाहा' असें म्हणत होती. मदुरेचा पंचा नेसणाऱ्याकडे नव्हे, तर ज्यांना तेवढेंच वस्त्र मिळतें त्यांच्याकडे बोट दाखवीत होता.

वाङ्मयांत याचें उदाहरण द्यावयाचें तर आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चें देऊं. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंनीं शाळेचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें; अकराव्या वर्षीं लग्न झालेलें; पतीनें १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेली ताटातूट सोसलेली. दुःखाचा आव आणावयास यापेक्षां जास्त सामग्री कोणास हवी? परंतु या पुस्तकांत त्यांचें लक्ष सांगावयाच्या माणसांवर इतकें खिळलेलें आहे कीं, आपण कशा दिसतों हें पाहण्यास त्यांस सवड झालेली नाहीं. आम्हां पदवीधरांचें गद्य त्या पुस्तकाशेजारीं ठेवलें म्हणजे कडक इस्त्रीचें वाटूं लागतें.

आतां एका गोष्टीकडे उपदेशकांचें बहुधा लक्षच जात नाहीं. आव आणणाऱ्यास सर्व बोल लावतात. आव आणावयास लावणाऱ्यास कोणी लावीत नाहीं. तोंडी परीक्षेंत आम्हांस हें वर्षानुवर्षें दिसतें. खेड्यांतून आलेला विद्यार्थी उसन्या उच्चारांत पाठ केलेलीं इंग्रजी वाक्यें म्हणतो, कारण परीक्षकांच्या कपाळावरची आठी त्यास वाचतां येते. त्याच्याच गांवच्या विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत आटतें आणि कां, असें विचारलें कीं तोच मुलगा मराठींत असें नेमकें बोलूं लागतो कीं ऐकत राहावें. त्याचें सोंग अर्धें आमचें असतें. 'ठाऊक नाहीं' या उत्तरास जेथें केवळ शून्य गुण आणि वर एक कटाक्ष मिळतो, तेथें प्रामाणिक उत्तराची अपेक्षा करणें हा अन्याय होय.

मुलगी पाहण्याच्या प्रसंगीं तर हा अन्याय सर्व घर मिळून करतें. पूर्वीं मुलीस चालावयास सांगत, सुईंत दोरा ओवावयास सांगत. आतां आवडीनिवडी विचारतात आणि तीहि ठरलेलें उत्तर देते, वाचन व प्रवास. पोहे आत्याबाईंनीं केलेले असतात आणि नांव मुलीचें होतें. तिकडे मुलाचा पगारहि कांहीं हजारांनीं फुगून आलेला असतो. मग लग्नानंतर सहा महिन्यांनीं 'आधीं अशी नव्हती' आणि 'आधीं असा नव्हता' अशीं गाऱ्हाणीं दोन्ही घरांतून ऐकूं येतात. तीं खरींच असतात. पाहावयास आलेल्यांनीं जें पाहिलें, तें तेथें कधीं नव्हतेंच.

आमच्या परिचयाच्या एका घरांत मुलीच्या आजीनें यावर एक युक्ति केली. पाहुणे येऊन बसले तों तिनें मटारच्या शेंगांची भली मोठी पिशवी सतरंजीवर ओतली, आणि दुसऱ्या दिवशीं घरीं कार्य आहे, दोन हात लावा म्हणून मुलाकडच्यांसहि बसविलें. पहिलीं पांच मिनिटें मोठी अवघडलेली गेलीं. पुढें माना खालीं गेल्या, आणि बोलणें आपोआप शेंगांवरून भावांवर, भावांवरून शेतीवर, शेतीवरून मुलाच्या मोडलेल्या धंद्यावर आलें. तो धंदा मोडला आहे हें त्याच्या पत्रिकेबरोबर आलेल्या माहितींत कोठेंच नव्हतें. मुलगा सोलण्यापेक्षां खात जास्त होता, असें मुलीनें मागाहून सांगितलें. लग्न कांहीं जमलें नाहीं; तिनेंच नको म्हटलें. परंतु त्या दोन घरांचें येणेंजाणें अद्याप चालू आहे, आणि तो मुलगा आला म्हणजे आजी त्याच्यापुढें आधीं निवडावयाचें कांहीं तरी ठेवते.