चावी परत देता येईल का?



या वेळचा विषय गाडीचा आहे. कंपनी देते ती गाडी घ्यावी, की आपली जुनी, स्वस्तातली गाडीच चालवत राहावं? वरवर पाहिलं तर हा हिशेबाचा प्रश्न. पण आमच्या गुरुवारच्या बैठकीत त्यावर तीन आठवडे बोलणं झालं आणि शेवटी आम्हालाच मान खाली घालावी लागली. म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितो आहोत.

आमचे एक गुरुबंधू सुदामा नगरात राहतात. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटीचं काम बघतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. २०२३ साली त्यांना बढती मिळाली आणि बढतीबरोबर कंपनीची गाडी देऊ केली गेली. नेमकी त्याच वर्षी त्यांच्या २००८ च्या गाडीची पंधरा वर्षं भरत होती. म्हणजे आरटीओत गाडी दाखवायची, पाच हजार फी भरायची आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी नवी करून घ्यायची. वहिनी म्हणाल्या, "आता द्या ती भंगारात." भाऊंचं मन होईना. त्यांनी विषय बैठकीत काढला.

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, जुनीच बरी. आमच्यातले वयाने मोठे आबा तर म्हणाले, "अरे, उपाधी वाढवू नकोस. दुसऱ्याच्या गाडीत मिरवण्यापेक्षा आपली खटारा बरी." मग समाधान, साधेपणा, मिंधेपणा यांवर तासभर छान बोलणं झालं. चहा झाला. सगळे खुशीत घरी गेलो.

पुढच्या गुरुवारी भाऊ कागदावर हिशेब मांडून घेऊन आले. पीथमपूरला जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेबाराशे. जुन्या इंजिनाचं ॲव्हरेज साडेबाराचं, म्हणजे महिन्याला शंभर लिटर. पेट्रोल तेव्हा इंदूरला १०८ रुपयांच्या आसपास होतं. वर्षाचं नुसतं पेट्रोलच एक लाख तीस हजार झालं. वर विमा, सर्व्हिसिंग, बॅटरी, टायर. सगळं मिळून दीड लाखाच्या घरात.

आणि कंपनीची गाडी? पेट्रोलपासून दुरुस्तीपर्यंत सगळा खर्च कंपनीचा. तेव्हाच्या आयकर नियमाप्रमाणे १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाची अशी गाडी, ऑफिसच्या आणि घरच्या दोन्ही कामांना वापरली, तर उत्पन्नात महिन्याला १,८०० रुपये धरले जायचे. वर्षाचे २१,६०० झाले. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्यावर सेससकट कर पडायचा साधारण ६,७०० रुपये.

एकीकडे दीड लाख, एकीकडे ६,७००. आता बोला!

आम्ही बोललोच. पैसा म्हणजे सर्वस्व नाही वगैरे. भाऊंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आबा, राग मानू नका. पण तुम्ही मला वैराग्य सांगताय, की तुमची सीट राखताय?"

आधी सगळे हसलो. मग कुणी बोलेना.

खरं होतं ते. दर महिन्याला ओंकारेश्वरला आम्ही चौघं-पाचजण त्याच गाडीतून जायचो. भेरूघाटात ती तापली की बाजूला थांबून बॉनेट उघडायचं, पाणी घालायचं, तेवढ्यात नामस्मरण करायचं. कुणाला डॉक्टरकडे न्यायचं असो की कुणाचे पाहुणे स्टेशनवरून आणायचे असोत, फोन भाऊंनाच जायचा. कंपनीच्या गाडीत हे जमणार नव्हतं. ती फक्त त्यांनी चालवायची, ती कुठे गेली ते जीपीएसवर दिसणार, बाहेरच्या माणसांना घेऊन तीर्थाला जायची तिला मुभा नाही. म्हणून आम्हाला साधेपणाचा एवढा पुळका आला होता. आणि इतक्या वर्षांत पेट्रोलचे पैसे आमच्यापैकी कुणी कधी दिले होते? एकदाही नाही. दुसऱ्याच्या खर्चाच्या गाडीत बसू नकोस, असं आम्ही ज्याला सांगत होतो, त्याच्याच खर्चाच्या गाडीत आम्ही बसत होतो.

सल्ला देताना आपला स्वार्थ सुविचाराचे कपडे घालून येतो, आणि आपल्याच घरातला असल्यामुळे आपण त्याला ओळखत नाही. हा आमचा पहिला धडा.

दुसरी गोष्ट वहिनींनी सांगितली. त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, "हे रात्रीच्या शिफ्टवरून परततात तेव्हा राऊच्या पुढे ट्रक कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या गाडीला एअरबॅग नाही. टायर मागच्या वर्षीच बदलायचे होते. याला तुम्ही साधेपणा म्हणता?" खरंच आहे. नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. २००८ च्या त्या गाडीत ती कुठून येणार? आणि टायरची खाच १.६ मिलीमीटरपेक्षा उथळ झाली की तो टायर रस्त्यावर चालत नाही, मग मालक कितीही विरक्त असो. गुळगुळीत टायरवर गाडी हाकणारा माणूस काटकसर करतोय असं त्याला वाटतं, पण धोका तो समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या पदरात टाकत असतो. शिवाय, "आम्ही बघा अजून जुनीच चालवतो," हाही एक मिरवण्याचाच प्रकार.

मग कंपनीची गाडी बिनधास्त घ्यावी का? इथे भाऊंनी मनातली खरी भीती सांगितली. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर होते, ते गृहस्थ भले होते. एकदा मापात न बसणारा लॉट पास करा म्हणून वरून दबाव आला आणि त्यांनी सही केली. नंतर ते भाऊंना म्हणाले होते, "घराचा हप्ता, मुलीची फी, दारातली गाडी, सगळं एकाच चावीला बांधलेलं आहे. नाही म्हणू कसा?" ते पार्ट ब्रेकचे होते.

तिसऱ्या गुरुवारी आम्ही यावरच बोललो. फुकट मिळालेली गाडी वाईट नसते. कामासाठी कंपनी देते, तो कराराचा भाग आहे, त्यात लाज कसली? मिंधेपणा सुरू होतो तो, ती गाडी परत द्यायची वेळ आली तर आपलं कसं होईल ही भीती मनात शिरते तेव्हा. आधी आपण गाडी वापरतो, मग सवय लागते, मग तिच्याशिवाय जमेना होतं, आणि एक दिवस सही करताना हात आपला राहत नाही. म्हणून घेण्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच की ही चावी उद्या सकाळी टेबलावर ठेवून आपल्याला शांतपणे घरी येता येईल का?

भाऊंनी कंपनीची गाडी घेतली. पण पेट्रोलचे जे पैसे वाचू लागले, त्यातले दहा हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. वीस महिन्यांत दोन लाख होतात. त्यात एक बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी येते. ती घ्यायची म्हणून नव्हे, घेता येईल एवढा आधार असावा म्हणून. जुनी गाडीही त्यांनी विकली नाही. नवे टायर बसवले, रेडिएटर दुरुस्त केला, नोंदणी नवी केली. त्या खर्चात आम्ही वाटा उचलला. ओंकारेश्वरला जाताना आता डॅशबोर्डवर एक डबा असतो, त्यात प्रत्येकजण पेट्रोलचे आपले पैसे टाकतो. आबा सगळ्यांत आधी.

गेल्या पावसाळ्यात तसाच एक लॉट भाऊंच्या टेबलावर आला. त्यांनी सही केली नाही. साहेबांची बोलणी खावी लागली, पण लॉट परत गेला. आम्ही म्हणालो, "भाऊ, ही गुरुकृपा." ते हसले. म्हणाले, "कृपा तर आहेच. पण त्या रात्री झोप लागली ती त्या खात्यातल्या पैशांमुळेही लागली."

आम्हाला ते पटलं. धैर्य काही नुसतं आभाळातून पडत नाही, त्याची थोडी तरतूद आधी करून ठेवावी लागते.

आपल्या प्रत्येकाकडे अशी एखादी चावी असेल. कुणाची गाडीची, कुणाची क्वार्टरची, कुणाची एखाद्या मोठ्या माणसाच्या ओळखीची. ती फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. ती परत देता येईल अशी आपली तयारी आहे का, एवढं आज रात्री दिवा लावल्यावर घटकाभर बसून पाहा. आणि आपण कुणाच्या गाडीत फुकट बसलो आहोत का, तेही पाहा. वाटलं तर बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनी आपले अनुभव कळवावेत. पुढच्या गुरुवारी वाचू.

जय गुरुदेव.